कोल्हापूरच्या समस्त तालीम मंडळांना एका गटिंगवाल्याचं खुलं पत्र

तालीम मंडळांचे अध्यक्ष, कार्यकर्ते, जुने वस्ताद आणि शाहू स्टेडियमवर आपापल्या मंडळाच्या फुटबॉल टीमसाठी घसा बसेपर्यंत ओरडणारे माझे सगळे भाऊ,

रामराम.

मी कोण ते आधी सांगतो. मी रॅकेटींचं गटिंग करतो, म्हणजे रॅकेटीच्या जाळीचे धागे (त्यालाच गट म्हणतात) ओढून बसवतो. खेळाच्या सामानाचं छोटं दुकान आहे, पुढं बॅटी, स्टंप आणि फुटबॉल लटकवलेत आणि मागं पडद्याआड गटिंगचं मशीन. तेवीस वर्षं झाली या धंद्यात. तुमच्यातल्या निम्म्या पोरांनी स्टड माझ्याकडनंच नेलेत, त्यातल्या निम्म्यांची उधारी अजून वहीत आहे, पण ते जाऊ दे, आज त्यासाठी लिहीत नाही.

विषय टेनिसचा आहे. थांबा की, लगेच वर सरकवू नका. पीटीएम (पाटाकडील), शिवाजी, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, कुणाचेपण असा, पाच-दहा मिनिटं द्या, आणि मी पण तुमच्यातलाच आहे, लहानपणापासनं स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून बूड भाजून घेतलेलं आहे. मॅचच्या दिवशी दुकान अर्ध्या शटरवर असतं हे सगळ्या गल्लीला माहिती आहे.

तर झालं असं की मागं एका मंडळानं (नाव घेत नाही, घेतलं तर उद्या तुम्हीच माझ्या दुकानापुढं येऊन उभारणार) आपल्या भागातल्या एका पोरीचा सत्कार केला. पोरगी टेनिस खेळते, अठरा वर्षांखालच्या एका मोठ्या स्पर्धेत बाहेरच्या राज्यात जाऊन जिंकून आलती. चौकात स्टेज, साउंड, शाल, श्रीफळ, कोल्हापुरी फेटा, हे एवढं मोठं स्मृतिचिन्ह. आणि वीस फुटी फ्लेक्स. फ्लेक्सवर तिचा फोटो, खाली बावीस कार्यकर्त्यांचे फोटो, आणि कोपऱ्यात डिझायनरनं कुठनंतरी उचलून चिकटवलेली रॅकेट. ती रॅकेट बॅडमिंटनची होती. बारक्या दांड्याची, बाजूला शटलकॉक. मी खाली उभा राहून बघालोय आणि माझ्या शेजारी पोरीचा बाप उभा, त्यानं पण बघितलं, आमची नजरानजर झाली आणि आम्ही दोघं हसलो. तो शिरोलीला फौंड्रीत कामाला आहे. म्हणला, "असू दे हो, प्रेमानं केलंय."

खरंच प्रेमानंच केलतं. मला त्यात काय खोट काढायची नाही.

पण साधारण आठ महिन्यांनी तीच पोरगी दुकानात आली. एकटी. किटबॅगमधनं एक रॅकेट काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, "काका, ह्यावेळी साधं गट घाला, पॉली नको." मी विचारलं दुसरी रॅकेट कुठाय, तर म्हणाली सध्या एकावरच चालवते.

ज्यांना ह्यातलं कळत नाही त्यांच्यासाठी जरा फोड करून सांगतो, कारण माझ्या सगळ्या पत्राचं मूळ ह्या एका वाक्यात आहे. टेनिसच्या रॅकेटला एका वेळी साधारण बारा मीटर गट लागतं. दोनशे मीटरचं रीळ आणलं की सोळा-सतरा रॅकेटी होतात. लहान पोरं खेळतात तेव्हा साधं सिंथेटिक घातलं तरी महिनो न महिने टिकतं. पण पोरगी वाढते, खांद्यात ताकद येते, बॉलला खालनं वर घासून फिरकी द्यायला लागते, मग ते साधं गट टिकत नाही, उभे धागे आडव्या धाग्यांवर घासून घासून त्याला खाचा पडतात आणि फटकन तुटतं. म्हणून मग पॉलिएस्टर, तेच पॉली. ते महाग, आणि त्याची अजून एक खोड अशी की ते तुटलं नाही तरी मरतं. म्हणजे दिसायला शाबूत, पण पन्नास पौंडाला ओढून बसवलेलं गट काही तासांच्या जोरदार खेळात ढिलं पडतं, मग बॉल कुठं जाईल त्याचा भरवसा नाही, आणि तसंच रेटत राहिलं तर कोपर आणि मनगट धरतं. मोठ्या प्लेअर बायका मॅचला ताज्या गटिंगच्या चार-सहा रॅकेटी घेऊन उतरतात ते काय शो करायला नव्हे.

आता ह्या पोरीचं गटिंग मी ती दहा वर्षांची होती तेव्हापासनं करतोय. वही काढून बघितली तर तिचं सगळं करिअर माझ्या वहीत आहे. आधी वर्षाला चार वेळा. मग महिन्याला एकदा. चौदाव्या वर्षी पंधरा दिवसाला. सतरा झाली तेव्हा आठवड्याला दोन रॅकेटी. पोरगी वर चालली आहे हे मला तिच्या रँकिंगच्या आधी कळतं, तुटलेल्या गटावरनं कळतं. आणि बाप पैसे द्यायच्या आधी खिशात हात घालून किती वेळ उभा राहतोय त्यावरनं पुढचं पण कळतं. "साधं गट घाला" असं जेव्हा अठरा वर्षांची, फुल टॉपस्पिन मारणारी पोरगी म्हणते तेव्हा तिचा खेळ खाली आलेला नसतो मर्दानू, तिचा बाप संपलेला असतो.

आणि हे नेमकं कधी होतं बघा. सत्कारानंतर.

आता एक जरा लांबची गोष्ट सांगतो. अलेक्झांड्रा ईआला. फिलिपिन्सची पोरगी, २००५ चा जन्म, डावखुरी. फिलिपिन्स म्हणजे बास्केटबॉल आणि बॉक्सिंगचा देश, गल्लीत बास्केटबॉलची रिंग आणि बॉक्सर पॅकियाओचं वेड. आपलं जसं कुस्ती आणि फुटबॉलचं आहे, डिट्टो तसंच. तिथं टेनिसला कोण विचारत नव्हतं. तिला पहिली रॅकेट धरायला शिकवली ती आजोबांनी. आई पोहणारी, १९८५ च्या साउथ ईस्ट एशियन गेम्समध्ये ब्राँझ घेतलेली, त्यामुळं घरात खेळ म्हणजे काय ते माहिती होतं. २०१८ ला बारा वर्षांची असताना फ्रान्समधली ले पेटीझ आस नावाची चौदा वर्षांखालच्या पोरापोरींची नावाजलेली स्पर्धा जिंकली, आणि त्यानंतर स्पेनमधल्या मायोर्का बेटावर राफा नदालच्या अकॅडमीत स्कॉलरशिपवर गेली. तेराव्या वर्षी. घर हजारो किलोमीटर लांब. आपल्याकडं गावाकडचा पोरगा बारा-तेराव्या वर्षी वळकटी घेऊन गंगावेशला नाहीतर शाहूपुरीला नाहीतर मोतीबागेच्या तालमीत येऊन पडतो ना, अगदी तसं. फक्त लाल मातीच्या जागी कोर्ट.

२०२२ च्या सप्टेंबरात ती यूएस ओपनची मुलींची चॅम्पियन झाली, फायनल ६-२, ६-४ अशी एकतर्फी काढली. ज्युनिअर ग्रँड स्लॅमचं सिंगल्स जिंकणारी त्यांच्या देशातली पहिली. ट्रॉफी घेताना आपल्या भाषेत बोलली. आता कल्पना करा ती कोल्हापूरची असती तर. बिंदू चौकातनं उघड्या जीपमधनं मिरवणूक, जेसीबीनं फुलं, सगळ्या मंडळांचे फ्लेक्स, शिवाजी पुतळ्याला हार, पेपरात चार दिवस पान एक. आणि पाचव्या दिवशी? पाचव्या दिवशी आपण पुढच्या मॅचला गेलो असतो, मी पण गेलो असतो.

तिची खरी लढाई त्या पाचव्या दिवशी सुरू झाली. कारण ज्युनिअर चॅम्पियन झालं म्हणून मोठ्यांच्या टेनिसमध्ये कोण पायघड्या घालत नाही. तेव्हा बायकांच्या रँकिंगमध्ये ती तीनशेच्या आसपास होती. पुढं जवळजवळ अडीच वर्षं ती लहान लहान गावांतल्या आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) खालच्या स्पर्धा खेळत फिरली. २०२३ ला हांगझोऊच्या एशियाडमध्ये दोन ब्राँझ मिळवली, २०२४ ला स्पेनमध्ये विटोरियाला एक लाख डॉलरवाली स्पर्धा जिंकली, आणि त्याच २०२४ ला ग्रँड स्लॅमच्या क्वालिफाईंगमध्ये, म्हणजे पात्रता फेरीत अडकत राहिली, मेन ड्रॉचं, म्हणजे मुख्य स्पर्धेचं दार काय उघडेना. बाहेरनं बघणाऱ्याला काय वाटलं असेल? "गेली ही पण. ज्युनिअरला चमकली, पुढं काय नाही." आपल्या कट्ट्यावर हे वाक्य आपण किती जणांबद्दल बोललोय ते आठवा.

आणि मग मार्च २०२५. मायामी. जगात १४० व्या नंबरवर, स्पर्धेत घुसायची पण लायकी रँकिंगनं नव्हती, आयोजकांनी वाइल्ड कार्ड दिलं म्हणून आत आली. पहिली मॅच काढली. मग ओस्टापेंको, फ्रेंच ओपन जिंकलेली. मग मॅडिसन कीज, जी दोनच महिन्यांपूर्वी ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून आलती. बाडोसानं दुखापतीमुळं चाल दिली. आणि क्वार्टर फायनलला इगा स्वियाँतेक, तेव्हाची पाच ग्रँड स्लॅमवाली, तिला ६-२, ७-५. मी हे रात्री मोबाईलवर बघालतो, बायको दोनदा उठून ओरडली, मी बाथरूममध्ये जाऊन बघितलं. सेमीला पेगुलानं तीन सेटमध्ये हरवलं, पण तोवर पोरगी ७५ नंबरला जाऊन बसली, पहिल्या शंभरात येणारी फिलिपिन्सची पहिली बाई.

त्यानंतर पण सरळ रस्ता नाही हां. फ्रेंच ओपनला पहिल्याच राउंडला बाहेर. जूनमध्ये ईस्टबर्नला गवतावर फायनल गाठली, तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये जिंकायला एकच पॉइंट हवा अशी वेळ चारदा आली आणि चारी वेळा निसटलं, १२-१० नं गेली. विम्बल्डनला पहिल्याच मॅचला आदल्या वर्षीची चॅम्पियन समोर. हरली. मग ऑगस्टमध्ये यूएस ओपन, समोर चौदावी सीडेड टॉसन, तिसऱ्या सेटला १-५ मागं. १-५! मी मोबाईल बंद करून झोपायच्या बेतात होतो. तिथनं ओढत ओढत टायब्रेकला नेली आणि १३-११ नं काढली. ग्रँड स्लॅमच्या मेन ड्रॉमध्ये सिंगल्सची मॅच जिंकणारी त्यांची ओपन एरातली (१९६८ पासनंच्या काळातली) पहिली. स्टेडियममध्ये फिलिपिन्सचे झेंडे, लोकं रडताहेत. २०२५ संपताना ती पहिल्या पन्नासाच्या उंबऱ्यावर होती.

तुम्ही म्हणाल, भारी आहे, पण आम्ही काय करू. सांगतो.

त्या अडीच वर्षांत तिच्या मागं अकॅडमी होती, घरचे होते, तिच्या देशातल्या कंपन्या लहानपणापासनं पाठीशी उभ्या होत्या. हरत होती तेव्हाही होत्या. तेवढाच फरक आहे तिच्यात आणि माझ्या दुकानात साधं गट मागणाऱ्या पोरीत, असं मी म्हणत नाही, खेळाचाही फरक असणारच, लई असेल. पण आपल्या पोरीचा खेळ किती आहे ते कळायच्या आधीच तिचा पैसा संपतो ना. कुस्ती लागायच्या आधीच पैलवान उपाशी.

ह्या खेळाचा हिशेब जरा बघा. सगळ्यात खालची बायकांची प्रोफेशनल स्पर्धा असते तिला डब्ल्यू १५ म्हणतात, म्हणजे सगळ्यांना मिळून बक्षीस पंधरा हजार डॉलर. जिंकणारीला दोन हजार डॉलरच्या जरा वर. पहिल्या राउंडला हरली तर दीडशे डॉलरच्या आतबाहेर. त्यात जाण्या-येण्याचं तिकीट, आठवडाभर हॉटेल, खाणं, गटिंग, आणि कोच बरोबर नेला तर त्याचं सगळं डबल. म्हणजे एखादी चांगली मॅच जिंकून पण घरी तोट्यात यायचं. आणि वरचं टोक बघा, २०२५ च्या यूएस ओपनला पहिल्या राउंडला नुसतं हरायचे १ लाख १० हजार डॉलर होते. तिथं थेट एंट्री मिळायला मात्र जगात साधारण पहिल्या शंभरात पाहिजे. खालनं वर जायला पॉइंट लागतात, पॉइंट मिळवायला खेळत राहायला लागतं, आणि मिळालेला पॉइंट बावन्न आठवड्यांनी उडून जातो, म्हणजे गेल्या वर्षीचं पुण्य ह्या वर्षी चालत नाही. थांबलं की घसरलं. पोरगी सहा महिने घरी बसली ना पैसे नाहीत म्हणून, तर ती जिथं होती तिथं राहत नाही, ती खाली जाते.

फुटबॉलमध्ये सीझन संपला की संपला, प्लेअर आपल्याच गावात असतो, संध्याकाळी चहाला भेटतो. हिचं तसं नाही. एकटी. आज सोलापूर, पुढच्या आठवड्यात बेंगलोर, मग थायलंड नाहीतर ट्युनिशिया. हरली तर रूमवर एकटीनंच रडायचं आणि दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला पार्टनर शोधायचा.

आपल्या देशातल्या पोरींनी हे काढलेलं आहे बरं का. अंकिता रैना. अहमदाबादची, चौदा वर्षांची असताना पुण्यात आली, आईनं एलआयसीतली बदली पुण्याला करून घेतली. वर्षानुवर्षं त्या खालच्या स्पर्धा खेळत राहिली आणि पहिल्या दोनशेत आली २०१८ ला, पंचविसाव्या वर्षी. त्याच वर्षी एशियाडचं ब्राँझ. पंचवीस! आपल्याकडं तोवर "लग्नाचं बघा आता" सुरू होऊन पाच वर्षं झालेली असतात. ऋतुजा भोसले, आपल्या महाराष्ट्राची, अमेरिकेत कॉलेज टेनिस खेळून परत येऊन पुन्हा खालनं सुरुवात केली आणि २०२३ ला बोपण्णाबरोबर एशियाडचं गोल्ड. २०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्यात बालेवाडीला बिली जीन किंग कप, म्हणजे बायकांची देशादेशांतली टेनिस स्पर्धा, झाली तेव्हा हैदराबादची श्रीवल्ली पाचच्या पाच सिंगल्स जिंकली. मी एक दिवस दुकान बंद ठेवून गेलतो. स्टँडमध्ये आपल्या भाषेत "चल गं पोरी" ओरडणारा मी एकटाच होतो, चार पुणेकरांनी मागं वळून बघितलं. बघू दे.

आणि आपल्या जिल्ह्याचं म्हणाल तर २०२२ ला ऐश्वर्या जाधव विम्बल्डनच्या गवतावर खेळून आलीय, चौदा वर्षांखालची स्पर्धा तिथं पहिल्यांदाच झालती. म्हणजे "कोल्हापूरचं पाणी टेनिसला चालत नाही" हे बोलायचं तोंड आपल्याला राहिलेलं नाही.

आता मुद्द्यावर येतो.

तुम्हाला कोण शिकवायला नको की खेळाडू कसा सांभाळतात. जगात कुणाला माहिती नसेल पण कोल्हापूरला माहिती आहे. राजर्षी शाहूंनी नुसत्या कुस्त्या लावल्या नाहीत, १९१२ ला खासबाग मैदान बांधलं, पैलवानांना आश्रय दिला, तालमी उभ्या केल्या. आश्रय म्हणजे काय, तर खुराक. रोजचं दूध, तूप, बदाम, थंडाई, राहायला छप्पर आणि डोक्यावर वस्ताद. पैलवान ह्या महिन्यात कुस्ती हरला म्हणून त्याचं दूध तोडत नव्हते. हरला म्हणून तर जास्त मेहनत, म्हणून जास्त दूध. ह्याला आपण खुराक म्हणतो आणि टेनिसवाले त्याला स्पॉन्सरशिप म्हणतात, मला तर आपला शब्द जास्त बरोबर वाटतो, कारण स्पॉन्सर शर्टावर नाव मागतो आणि खुराक देणारा फक्त विचारतो, जोर किती मारलेस.

खाशाबा जाधवांचं तर आपल्याला पाठ आहे. १९५२, हेलसिंकी, ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल. राजाराम कॉलेजच्या खर्डेकर सरांनी घर गहाण टाकून सात हजार उभे केले, हे आपण दर सत्कारात सांगतो, माईकवर सांगताना आवाज चढतो आपला. पण त्याच्या आधीचं कोण सांगत नाही. १९४८ ला पण खाशाबा लंडनला गेलते. खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केलता. आणि तिथं ते सहावे आले. मेडल नाही. आजच्या हिशेबानं "गेले पैसे पाण्यात". तरी चार वर्षांनी परत ह्याच गावातनं पैसे उभे राहिले. हेलसिंकीचं मेडल त्या सहाव्या नंबरावर उभं आहे. मला तो सहावा नंबर लई महत्त्वाचा वाटतो. त्या सहाव्या नंबरचा फ्लेक्स कोण लावला नसता, पण खुराक चालू राहिला.

माझं मागणं एवढंच आहे. एका तालमीनं एक पोरगी दत्तक घ्या. टेनिसचीच पाहिजे असं पण नाही, पण मी गटिंगवाला आहे म्हणून मी टेनिसचं बोलतो. आणि सतराव्या वर्षी घ्या, बाविसाव्या वर्षापर्यंत सोडू नका, मग ती हरू दे, जिंकू दे, मध्ये खांदा धरून सहा महिने बसू दे. त्यात काय द्यायचं? तिचं गट. तिचे बूट, हार्ड कोर्टवर चांगल्यात चांगला बूट दोन-तीन महिन्यांत तळातनं जातो. बॉलचे डबे. वर्षातल्या दहा-बारा स्पर्धांचं रेल्वेचं नाहीतर विमानाचं तिकीट, तिचं आणि आईचं नाहीतर कोचचं. फिजिओ. एका मंडळाला जड वाटलं तर तीन मंडळं मिळून करा, हे म्हणताना मला माझंच हसू येतंय, तीन मंडळं मिळून म्हणे, स्टेडियमवर शेजारी बसत नाहीत! पण मग तसंच करा, चुरशीनं करा. ह्याची पोरगी चारशे नंबरला गेली तर त्याच्या पोरीला तीनशेला न्यायची ईर्षा धरा. आपल्याला ईर्षेशिवाय काय जमत नाही आणि ईर्षेनं काय जमत नाही असं पण नाही.

पैसे नाहीत हे मला सांगू नका. मी खेळाच्या सामानाचा दुकानदार आहे, कुठल्या मंडळाचा सीझनचा खर्च काय आहे त्याचा अंदाज मला आहे. बाहेरच्या देशातनं प्लेअर आणतो आपण, आणावेत, मजा येते बघायला. वर्ल्डकप आला की मेस्सी आणि नेमारचे तीस-तीस फुटी कटआऊट उभे करतो. त्या मेस्सीला माहिती तरी आहे का आपला चौक? त्याच्या एका कटआऊटच्या पैशात एका पोरीचं वर्षभराचं गट निघतं, मी बिल करून देतो, बिनानफ्याचं.

दुसरं एक जण म्हणला, हा श्रीमंतांचा खेळ आहे, आपला नव्हे. अरे, मग फुटबॉल काय जोतिबाच्या डोंगरावर उगवला होता? तो पण बाहेरनंच आला आणि आपला झाला, कारण तालमींनी तो आपला केला. नेमबाजी कुठं आपली होती? तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. रायफल काय शेताच्या बांधावर मिळत होती का.

तिसरं जे बोलत नाहीत पण मनात असतं ते पण मीच बोलतो. पोरगी आहे. स्कर्ट घालून खेळते. एकटी बाहेरगावी फिरते. तालमीत पोरीचं काय काम. ह्यावर मी भाषण करणार नाही, माझ्या आईनं ऐंशीच्या दशकात खो-खो खेळताना काय ऐकून घेतलं ते मला माहिती आहे, आणि आता आपल्याच जिल्ह्यात पोरी कुस्तीच्या आखाड्यात उतरतात हे तुम्हाला माहिती आहे. एवढंच सांगतो की सत्काराच्या स्टेजवर पोरीला बोलवताना आपल्याला हे काय आठवत नाही, पैसे द्यायच्या वेळीच आठवतं.

एक कबुली पण देतो, नाहीतर म्हणाल हा मोठा शहाणा. त्या दिवशी तिनं साधं गट मागितलं तेव्हा मी साधंच घातलं. मला म्हणता आलं असतं की राहू दे, पॉली घालतो, पैसे नंतर बघू. नाही म्हणलो. दिवस मंदीचा होता, रीळ संपत आलतं, आणि खरं सांगायचं तर डोक्यातच आलं नाही. तिनं पैसे मोजून दिले, सुट्टे, दहा-दहाच्या नोटा. ती गेल्यावर मशीनपाशी बसलो तेव्हा लागलं मनाला. नंतर फोन केला की दुसरी रॅकेट पण आणून टाक, घालून ठेवतो. तिनं आणली, ठेवून गेली. त्याला आता सहा आठवडे झाले. न्यायला आली नाही. बापाला विचारलं तर म्हणला, सध्या जरा बंद आहे, बारावीचं बघालीय, पुढं बघू.

"पुढं बघू" म्हणजे काय ते टेनिसमध्ये मी तेवीस वर्षं बघतोय. असल्या चार रॅकेटी माझ्याकडं माळ्यावर आहेत, पोरींच्या, न्यायलाच आल्या नाहीत कधी. एकीचं लग्न झालं, एक पुण्यात बँकेत आहे, मध्ये भेटलेली, म्हणाली काका ती रॅकेट टाकून द्या. मी टाकलेली नाही. बाकी दोघींचं माहिती नाही.

ही पाचवी आहे. अजून माळ्यावर टाकलेली नाही, काउंटरच्या मागच्या खिळ्यालाच आहे. निळी ग्रिप, पॉली घातलंय, बावन्न पौंड, आणि गट नुसतं लटकून पण ढिलं पडतं म्हणून परवा काढून परत नवीन घातलं.

मी रोज साडेआठपर्यंत दुकानात असतो, मॅच असली तर साडेसातपर्यंत. कुठल्याही मंडळाचे दोघं-तिघं या. तिच्या घरचा पत्ता मी सांगतो, आपण मिळूनच जाऊ, रॅकेट घेऊन. येताना नारळ आणू नका.

तुमचाच,
गटिंगवाला
कोल्हापूर